गादीवाफ्यासाठी जुना माल

सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट उंच. सोसायटीच्या आवारात गादीवाफा, म्हणजे चौकटीत भरण रचून उंच केलेला वाफा, करायचा तर आम्ही हेच माप धरतो. दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट हात आत गेला की काम होतं, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही, आणि पाय न पडलेली माती भुसभुशीत राहते. भिंतीलगत एकाच बाजूने हात पोचतो, म्हणून तिथे रुंदी दोन फूट. भिंतीपासून नऊ इंच मोकळे सोडायचे, नाहीतर पावसाळ्यात ओल भिंतीत चढते आणि भांडण सुरू होतं.

या मापाच्या वाफ्यात १८ घनफूट, म्हणजे साधारण ५१० लिटर भरण मावतं. हा आकडा आधी लिहून ठेवावा. बहुतेक लोक चौकट कशाची करायची यावर महिनाभर घालवतात. खरा खर्च मात्र भरणात आणि टेम्पोत जातो. चौकटीचा माल पुण्यात जवळजवळ फुकट मिळू शकतो, जड माल आणण्याचं भाडं कोणी माफ करत नाही.

जमिनीवर वाफा उंच का करायचा, हे पहार मारली की कळतं. कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात बिल्डरने टाकलेला राडारोडा असतो: गिलाव्याचे ढेकूळ, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक, आणि खाली मुरूम. नशिबाने काळी माती असली तरी ती पावसात चिकट होते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढी फाटते. ते सगळं उपसण्यापेक्षा त्याच्यावर फूटभर चांगलं भरण रचणं सोपं.

पण गच्ची हे प्रकरण वेगळं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १६०० ते १८०० किलो असतं. फूटभर थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आय.एस. ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात धरलेला भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो आहे. जिथे कोणी जात नाही अशा छतासाठी तो याच्या निम्मा. म्हणून जमिनीवर चालतो तो विटांचा वाफा स्लॅबवर चालत नाही, मग कोपऱ्यावरचा गवंडी काहीही म्हणो. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं, सोसायटीचं लेखी पत्र नंतर घ्यावं. या क्रमाने गेलं तर दुसरं काम सोपं होतं.

जमिनीवरच्या वाफ्याला जुन्या विटेला तोड नाही. पेठांत वाडे उतरतात, उपनगरांत चाळीस वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासाला जातात, तिथे विटांचे ढीग लागलेले असतात. चुन्यात बांधलेल्या विटा हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटतात. सिमेंटातल्या विटांचं उलट, वीट फुटते पण सिमेंट सुटत नाही. त्यामुळे ढीग बघताना सांधा आधी बघावा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाजाची, फिकट पिवळट वीट कच्ची भाजलेली असते आणि दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. सर्वांत खालच्या थरात अशी एक जरी गेली तरी तिच्यावरच्या सगळ्या विटा खाली बसतात.

९ × ४ × ३ इंचांची वीट धरली तर आपल्या वाफ्याला एका थरात २६ विटा लागतात. चार थरांना १०४, फुटतूट धरून ११५ आणाव्यात. तीन किलोची एक, म्हणजे विटाच तीनशे किलोंच्या वर, आणि भरणात निव्वळ माती घातली तर वाफा एकूण बाराशे किलोंच्या आसपास जातो. 'छोटा हत्ती' टेम्पो साधारण पाऊण टन नेतो, म्हणजे एका खेपेत दोन वाफ्यांच्या विटा आरामात येतात. एकट्याने एकाच वाफ्याच्या आणण्यापेक्षा शेजारच्या सोसायटीला बरोबर घ्यावं.

सिमेंट अजिबात वापरायचं नाही. तीन इंच खोल, सहा इंच रुंद चर काढून त्यात क्रशरची कच किंवा बारीक मुरूम दोन इंच टाकायचा, पाणी मारून धुमसायचा, लेव्हल बघायची आणि पहिला थर अर्धा जमिनीत राहील असा बसवायचा. पुढचे थर सांधे तोडून, म्हणजे वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर येईल असे. कोपऱ्यात एकाआड एक थर लांबीतून आणि रुंदीतून फिरवायचा, म्हणजे कोपरा आपोआप बांधला जातो. वरचा थर खालच्यापेक्षा किंचित आत घ्यायचा. बरोबर उभी रचलेली कोरडी भिंत पहिल्या जोरदार पावसानंतर लांब बाजूच्या मधोमध बाहेर पोट काढते, कारण ओलं भरण फुगतं आणि तिथे आधार नसतो. त्यावर उपाय सळयांचा. साइटवर उरलेल्या १२ मिलिमीटरच्या सळईचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्यायचे, लांब बाजूला बाहेरून दोन फुटांवर एक असे ठोकायचे, निम्मा तुकडा जमिनीत. समोरासमोरच्या सळया भरण टाकण्याआधी बाइंडिंग तारेने दुहेरी बांधून घेतल्या तर भिंत हलत नाही. वर आलेल्या टोकांवर जुन्या पाइपाचे तुकडे किंवा बाटलीची झाकणं बसवावीत. वाकून काम करताना ही टोकं बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतात.

पुणेकरांच्या घरातून दुसरी भरपूर निघणारी वस्तू म्हणजे दगडी फरशी. शहाबादी आणि कडप्पा. स्वयंपाकघराचा ओटा काढला की दोन फूट रुंदीचे कडप्प्याचे लांब पट्टे निघतात आणि ग्रॅनाइट बसवणारा ते उचलून नेण्याचे पैसे मागतो. हे पट्टे लांब कडेवर उभे करून सहा-आठ इंच जमिनीत गाडले तर जवळजवळ दीड फुटाची भिंत तयार. सिंकचं भोक असलेला तुकडा आखूड बाजूला घ्यावा आणि भोक जमिनीत जाईल असा ठेवावा. कडप्पा वजनाने वाकत नाही, पण एका टोकाखाली दगड आला तर टिचतो, म्हणून चराचा तळ नीट साफ करायचा. याही भिंतीला बाहेरून सळया लागतात. शहाबादी फरशीचे तुकडे दोन बाय एकचे असतात. ते एकतृतीयांश गाडले तर वर आठच इंच उरतात, पालेभाजीला तेवढे पुरतात. दोन्ही दगड चुनखडीचे आहेत. पुण्याची माती मुळात अल्कधर्मी, त्यामुळे ब्लूबेरीसारखे चोचले सोडले तर भाजीला त्याने काही फरक पडत नाही.

मंगलोरी कौलं दिसायला सुंदर. गोल वाफा हवा असेल तर एकतृतीयांश गाडून, एकाची कड दुसऱ्यावर चढवून लावावीत. फुटबॉल खेळणारी मुलं असतील तर लावू नयेत.

पत्र्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. जस्ताचा जुना नालीदार पत्रा उत्तम. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा नाल्यांच्या दिशेने कापला की १४ इंचांच्या तीन पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून प्रत्येकी एक सहा फुटांचा आणि एक तीन फुटांचा तुकडा काढला की एक वाफा पूर्ण होतो, तिसरी पट्टी पुढच्या वाफ्याला. कोपऱ्यांत दीड फुटाचे लोखंडी अँगल ठोकून नट-बोल्टने आवळायचे. वरची कापलेली धार पावशीसारखी असते. तिच्यावर जुना बागेचा पाइप उभा चिरून बसवायचा. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडची बाजू एवढी तापते की तिच्यालगतची चार इंच माती कोरडी ठणठणीत होते, म्हणून त्या बाजूला आतून गोणपाट दुहेरी लावावा.

मात्र भंगारवाला 'पत्रा' म्हणून सिमेंटचे जुने करडे पत्रेही दाखवतो. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, फोडून वाफ्याच्या तळाशीही टाकायचे नाहीत. त्याची धूळ श्वासात जाते आणि फुप्फुसांतून निघत नाही. फुकट मिळाले तरी नको.

लाकडी पॅलेट भोसरी, चाकणच्या कारखान्यांमधून शहरभर फिरतात. विकत घेण्याआधी ठोकळ्यावरचा शिक्का वाचायचा. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, चालेल. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, नको. शिक्का नसलेले देशी पॅलेट डाग आणि वास बघून घ्यावेत. तेलकट, रंग सांडलेला, औषधाचा वास येणारा एकही नको. कटावणीने फळ्या उपसायला गेलं की त्या टोकाला चिरतात, कारण खिळ्यांना आटे असतात. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळेच कापले तर फळी अखंड निघते. १२०० × १००० मिलिमीटरच्या दोन पॅलेटमधून चार बाय सव्वातीन फुटांचा, तीन फळ्या उंचीचा वाफा होतो आणि वर चार कोपऱ्यांचे ठोकळेही निघतात.

लाकडाचं मरण वाळवीत. चौकट थेट मातीवर न ठेवता विटांच्या एका थरावर ठेवायची आणि फळ्यांना आतून जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री मारायची. फक्त बाजूंना, तळाला नाही. तळ बंद झाला की जुलैत मुळं कुजतात. सुतार हमखास 'जळालं ऑइल मारा, वाळवी फिरकणार नाही' असं सुचवतात. वाळवी फिरकत नाही हे खरं, पण इंजिनाच्या वापरलेल्या तेलात जड धातू असतात आणि तुम्हाला त्या मातीत मेथी लावायची आहे. बाहेरच्या बाजूने जवसाचं कच्चं तेल दोन हात द्यावं. एवढं करून पुण्याच्या पावसात पॅलेट दोन-तीन वर्षं जातं, जास्तीची अपेक्षा धरू नये.

जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि रेल्वेच्या लाकडी स्लीपरमध्ये क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल, त्यामुळे खाण्याच्या भाजीला दोन्ही बाद. फ्लेक्सचे बॅनर पीव्हीसीचे असतात, अस्तराला तेही नकोत. टायरबद्दल लोक फार आग्रही असतात. रबरातलं जस्त आणि तेलकट द्रव्यं हा एक भाग झाला. दुसरा असा की टायरच्या आतल्या कडेला पाणी साचतं आणि गणपतीपर्यंत डासांची पैदास झालेली असते. शोभेच्या झाडांना वापरायचे तर आतली कड कापून टाकावी.

आता गच्ची. इथे चौकट हलकी, भरण हलकं आणि उंची नऊ इंच. सगळ्यात सोयीचं म्हणजे टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट. मार्केट यार्डात रोज हजारोंनी फिरतात, आणि कान तुटलेली, तडा गेलेली भंगारात किलोवर विकली जातात. साधारण ५४ × ३६ सेंटीमीटरचं कॅरेट आतून शेडनेटने किंवा जुन्या सुती साडीच्या दुहेरी घडीने मढवायचं. साडी वर्षभरात कुजते, तोवर मुळांनी भरण धरलेलं असतं. हलकं भरण घातलं तर ४० लिटरचं ओलं कॅरेट ३५ किलोंच्या आसपास भरतं. म्हणजे त्याच्या थेट खाली चौरस मीटरला १८० किलो येतात. त्यामुळे कॅरेटं एकमेकांना चिकटवून गच्ची भरायची नाही. निम्म्याहून कमी जागा वापरायची, रांगा भिंतींच्या आणि तुळयांच्या ओळीत घ्यायच्या, मधे चालायला वाट ठेवायची. प्रत्येक कॅरेटखाली चार कोपऱ्यांना विटेचे तुकडे. कोब्याचा, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थराचा, उतार ज्या बाजूला असेल तिकडे पाणी खालून मोकळं वाहिलं पाहिजे.

दोनशे लिटरचे निळे ड्रम बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा भवानी पेठेच्या बाजूला मिळतात. आत काय होतं हे विचारायचं, सांगितलेल्यावर विश्वास न ठेवता झाकण उघडून वास घ्यायचा आणि लेबल बघायचं. फळांचा गर, लोणचं, ग्लुकोज असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन चालतं. रंग, द्रावक, कीटकनाशक असेल तर कितीही धुतला तरी नको. ड्रम उभा चिरून दोन पन्हाळी करायच्या, साधारण ९० सेंटीमीटर लांब आणि ५८ रुंद. कापण्याची रेघ मारताना झाकणाकडच्या दोन बुचांना जोडणारी रेषा मनात धरायची आणि तिला काटकोनात कापायचं. मग प्रत्येक अर्ध्यात एक बूच तळालगत येतं. त्याला आतून जाळी लावली की तेच निचऱ्याचं तोंड, खाली बादली ठेवली की गच्चीवर डाग नाही आणि पाणी परत वाफ्यात. त्याशिवाय तळाला १० मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडावीत, कारण बूच एकटं तुंबतं. भरल्यावर पन्हाळीच्या कडा बाहेर पसरतात. मधोमध आरपार तार ओढून बांधावी आणि खाली दोन्ही बाजूंना विटा अडकवाव्यात.

बाद झालेली हजार लिटरची काळी पाण्याची टाकी दिसली तर सोडू नये. घेर सव्वा-तीन ते साडेतीन मीटर, आडवी कापली की फूटभर उंचीची तीन तरी कडी निघतात. कडी जमिनीवर ठेवायची, तळ गच्चीसाठी भोकं पाडून. एका कड्यात २८० लिटरच्या आसपास भरण जातं आणि उन्हात अनेक वर्षं राहिलेलं ते प्लास्टिक अजून बरीच वर्षं राहतं. ग्राइंडरपेक्षा जिगसॉने कापावं, ग्राइंडरने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं.

साइटवर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, फुटके ब्लॉक पडलेले असतात. विटेच्या मानाने फारच हलके, म्हणून गच्चीवर मोह होतो. चालतात, पण ते पाणी पितात आणि ओले असताना कडा झडतात. एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघालेले घ्यावेत.

भरणाची तयारी फेब्रुवारीत सुरू करायची, कारण पाला तेव्हाच पडतो. वर्षावृक्षाचा आणि गुलमोहराचा पाला बारीक असतो, तो लवकर कुजतो. आंबा, फणस, बदाम, रबराचं झाड यांची जाड चिवट पानं तशीच घातली तर वर्षभर एकमेकांना चिकटून थर धरतात आणि पाणी अडवतात. ती आधी चुरून घ्यावीत. निलगिरी घेऊ नये. पुण्यात 'ब्राउन लीफ' हा उपक्रम पाला असलेले आणि पाला हवा असलेले यांची गाठ घालून देतो, त्यामुळे गोण्या भरून ठेवलेला पाला मिळणं आता कठीण राहिलेलं नाही.

जमिनीवरच्या वाफ्यात आधी लव्हाळा गाठींसकट खणून काढायचा. खोक्याचा पुठ्ठा अंथरला की हरळी दबते, लव्हाळा पुठ्ठा भोसकून वर येतो. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी काढावी, आणि चौकट लाकडी असेल तर पुठ्ठा नकोच, वाळवीला आमंत्रण. मग तीन इंच अंगठ्याएवढ्या जाड काटक्या आणि नारळाची सोडणं, त्यावर पाला. दाबून चार इंच व्हायला धान्याच्या दहा-बारा गोण्या लागतात. सगळ्यांचा अंदाज इथेच चुकतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. पाल्यावर जुनं शेणखत चार घमेली, पाणी, आणि वर चार-पाच इंच मिश्रण: पोयटा (गाळाची माती) दोन भाग, शेणखत एक भाग, कुजलेला पाला एक भाग. शेणखत हातात घेतलं तर वास येता कामा नये. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. गोणी उपडी करून हाताने चाळून घ्यावं, अळ्या डोळ्यांना दिसतात.

गच्चीच्या भरणात पोयटा फक्त पाचवा हिस्सा. बाकी कुजलेला पाला, शेणखत आणि रसवंतीतली उसाची चिपाडं. चिपाडं ताजी घातली तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते आणि भरण आंबतं. उन्हात आठवडाभर वाळवून, हातभर तुकडे करून, शेणकाल्यात बुडवून मगच घालायची.

पहिल्या महिन्यात रोपं पिवळी पडतात, खालच्या पानांपासून. लोक पाणी वाढवतात आणि रोपं आणखी पिवळी होतात. पाला आणि चिपाडं कुजवणारे जिवाणू भरणातला नत्र आधी स्वतःसाठी ओढून घेतात, हे त्यामागचं कारण. एक किलो ताजं शेण दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तितक्याच पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा द्यावं. पहिल्या हंगामात चवळी, घेवडा, मेथी घ्यावी. ही पिकं नत्राची सोय बरीचशी स्वतः करतात. गाजर-मुळा दुसऱ्या हंगामात, काटक्या मऊ झाल्यावर, नाहीतर मुळे दुभंगतात.

मे अखेरीस काठोकाठ भरलेला वाफा नवरात्रात चार इंच खाली बसलेला असतो. तो बसणारच, त्यासाठी पाला आणि शेणखत राखून ठेवावं. रोपांच्या खोडाला न चिकटवता वरून घालावं. गच्चीवर जूनआधी पावसाचं पाणी नेणाऱ्या पाइपांची तोंडं उघडून बघावीत, भरणातून वाहून आलेला बारीक पाला तिथेच अडकतो. कॅरेटं वर्षातून एकदा हलवून खालचा कोबा बघावा. ओल असेल किंवा पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर ते तेव्हाच, मुळासकट.

पॅलेटच्या फळ्या बदलायची वेळ आली की एका वेळी एकच बाजू उघडायची. चारही एकदम काढल्या तर भरण ढासळतं. नवी फळी जुनीच्या बाहेरून लावून, कोपऱ्याचा ठोकळा घट्ट करून, मग जुनी ओढून काढावी आणि राहिलेल्या फटीत माती कोंबावी.